खाजणाच्या गाळात जुने भूकंप शोधताना

खाजणात वाळूचा थर सापडला की बहुतेकांना लगेच त्सुनामी दिसायला लागते. पण वाळू वादळाने येते, नदीच्या पुराने येते, किनाऱ्यावरचा वाळूचा दांडा फुटला तरी येते. मोठ्या भूकंपाचा खरा पुरावा वाळूच्या खाली असतो. जी जमीन कालपर्यंत भरतीच्या वर होती ती एका झटक्यात खाली गेली आणि पुढची कित्येक वर्षं खालीच राहिली, हे तिथे दिसायला हवं.

ही पद्धत सर्वात नीट बसली ती अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, वॉशिंग्टन आणि ओरेगॉन राज्यांत. तिथे हुआन दे फुका ही समुद्रतळाची प्लेट (पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा) उत्तर अमेरिकेच्या प्लेटखाली सरकते. दोन्ही एकमेकींत अडकलेल्या असताना किनारा हळूहळू वर फुगतो. अडकण सुटली की भूकंप होतो आणि किनारा अर्धा ते दोन मीटर खाली बसतो. हिरवं खाजण काही मिनिटांत चिखलाचं मैदान बनतं, त्यावर त्सुनामी वाळू टाकते, मग रोजची भरती गाळ आणून टाकत राहते. काही दशकांत गाळ पुरेसा चढला की पुन्हा गवत उगवतं. असा एकेक दबलेला मातीचा थर म्हणजे एकेक भूकंप. भूवैज्ञानिक ब्रायन ॲटवॉटर यांनी १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावरचे हे थर मांडले. नैऋत्य वॉशिंग्टनमध्ये गेल्या सुमारे ३५०० वर्षांत असे सात भूकंप मोजले गेले आहेत.

जागा

खुल्या किनाऱ्यापासून आत, लाटांचा मारा नसलेली आणि मोठ्या नदीच्या मुखापासून दूर असलेली खाडी घ्या. फार आत गेलात तर त्सुनामीची वाळू पोहोचलेलीच नसते, आणि वाळूच्या दांड्याला लागून राहिलात तर प्रत्येक वादळाची वाळू मिळते. जाण्याआधी जुने नकाशे आणि हवाई छायाचित्रं जरूर पाहा. बांध घालून शेती केलेली जागा बांध फुटल्यावर भरतीच्या गाळाखाली जाते, आणि तो थर भूकंपाने दबलेल्या मातीसारखाच दिसतो.

काठ तासणं आणि गाभा काढणं

खाडीच्या आतल्या नाळींचे (भरती-ओहोटीच्या पाण्याच्या वाटांचे) उभे काठ हे फुकटचं उत्खनन आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटी सर्वात खाली जाते, ते दिवस धरा. पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी काठाशी पोहोचा आणि पाणी फिरलं की निघा. गुडघाभर चिखलात रुतलेल्या माणसाला भरती वाट पाहत नाही.

काठाचा अर्धा मीटर रुंद पट्टा निवडून वरचा पाच-दहा सेंटीमीटर चिखल काढा. मग धारदार खुरप्याने आडवं तासा, वरून खाली नको. उभं तासलं की वरची वाळू खालच्या पीटवर फासली जाते आणि मुळात नसलेला थर तयार होतो. (पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या मुळापानांचा तपकिरी थर.)

काठ नसेल तिथे गौज ऑगर वापरा. सुमारे तीन सेंटीमीटर व्यासाची, मीटरभर लांबीची ही उघडी पन्हळ असते, आणि दांडे जोडत गेलं की ती खोल जाते. सरळ दाबा, एक पूर्ण फेरा फिरवा, वर ओढा, सुरीने आडवं कापून पृष्ठभाग स्वच्छ करा. थर ओळखायला आणि जोडायला ती उत्तम, पण नमुन्यांसाठी नको. मऊ पीट तिच्यात दबतं, म्हणून किती दाबलं आणि किती लांबीचा गाभा (आत आलेला गाळाचा उभा तुकडा) आला हे दर वेळी लिहा.

प्रयोगशाळेत न्यायचा गाभा रशियन कोअररने काढा. त्याचा पन्नास सेंटीमीटरचा अर्धगोल कप्पा गाळ बाजूने कापून आत घेतो, त्यामुळे दाब कमी पडतो. त्याचं टोक खालचा गाळ ढवळतं, म्हणून शेजारी दोन भोकं घेऊन आळीपाळीने खाली जा आणि दर टप्पा आधीच्या टप्प्याच्या शेवटच्या दहा सेंटीमीटरपासून सुरू करा. गाभा अर्ध्या चिरलेल्या पीव्हीसी नळीत ठेवा, प्लास्टिकमध्ये गुंडाळा, वरची बाजू कोणती ते ठळक लिहा आणि चार अंश सेल्सिअसवर साठवा. गोठवू नका, बर्फाने थरांची रचना फाटते.

सीमारेषा: सगळा वेळ इथे घालवा

पीट संपून गाळ कुठे सुरू होतो ती रेषा पाहा. बदल दोन-तीन मिलिमीटरच्या आत झाला असेल तर तो अचानक आहे. दोन-तीन सेंटीमीटरभर तपकिरी रंग हळूहळू राखाडी होत गेला असेल तर ती बहुधा समुद्रपातळीची संथ चढण किंवा सरकलेली नाळ. अंगठ्याने चोळून पाहा: पीट धाग्याधाग्यांचं लागतं, गाळ लोण्यासारखा, वाळू खरखरीत. चांगल्या ठिकाणी पीटमध्ये रुजलेल्या गवताची खोडं वाळूत उभीच गाडलेली किंवा एकाच दिशेला आडवी झालेली दिसतात. म्हणजे ते गवत कुजायच्या आत वर वाळू पडली. भूकंप आणि त्सुनामी लागोपाठ आल्याचा याहून चांगला पुरावा प्रत्यक्ष जागेवर मिळत नाही.

एका भोकावरून काहीही जाहीर करू नका. बदल अचानक आहे का, किती मीटरचा आहे, बरीच वर्षं टिकला का, कित्येक किलोमीटरवर आणि शेजारच्या खाड्यांत तोच थर सापडतो का, त्यावर त्सुनामीची वाळू आहे का, आणि सगळीकडचं वय जुळतं का, हे सगळं विचारायचं. एका नाळीपुरता थर कशानेही बनतो.

वाळू

त्सुनामीची वाळू समुद्राकडून आत जाताना पातळ आणि बारीक होत जाते. एकाच थरात दोन-तीन वेळा खाली जाड, वर बारीक अशी पुनरावृत्ती असेल आणि मध्ये चिखलाचा पातळ पापुद्रा असेल, तर त्या एकामागून एक आलेल्या लाटा. तळाशी उपटलेल्या पीटचे तुकडे असतात. वादळाची वाळू बहुधा किनाऱ्याजवळ राहते आणि तिच्यात बारीक पट्ट्या जास्त असतात. तरी फक्त वाळूवरून वादळ आणि त्सुनामी वेगळे करण्याचा खात्रीचा नियम नाही, त्यासाठीच खचलेली जमीन लागते.

वाळू संपते तिथे पाणी थांबलं, असंही धरू नका. २०११ साली जपानच्या सेंदाई मैदानात पाणी सुमारे साडेचार किलोमीटर आत गेलं, पण डोळ्याला दिसेल एवढी वाळू तीन किलोमीटरच्या आतच संपली.

जमीन किती खचली

इथे फोरॅमिनिफेरा आणि डायटम कामाला येतात. हे सूक्ष्मजीव भरतीच्या पातळीनुसार वाटलेले असतात. मिलिअमिना फुस्का ही जात खालच्या खाजणात आणि चिखलाच्या मैदानात जास्त, ट्रोकॅमिना इन्फ्लाटा वरच्या खाजणात. आधी आजचं खाजण मोजा. चिखलापासून जंगलाच्या कडेपर्यंत रेषा धरून, उंचीत दर पाच सेंटीमीटरला, वरच्या एक सेंटीमीटर थरातला दहा घन सेंटीमीटर गाळ घ्या. प्रत्येक जागेची उंची सरासरी भरतीपातळीच्या संदर्भात मोजा. हे सर्वेक्षण ढिलं झालं की पुढचं सगळं गणित ढिलं.

गाभ्यातून सीमारेषेच्या वर-खाली एकेक सेंटीमीटरच्या चकत्या घ्या. फोरॅमिनिफेरासाठी ५०० आणि ६३ मायक्रॉनच्या चाळण्यांमधला भाग पाण्यातच ठेवून दोनशे कवचं मोजा. वाळवलं की वनस्पतींचा चुरा त्यांना चिकटून बसतो. डायटमसाठी हायड्रोजन पेरॉक्साइडने सेंद्रिय भाग जाळून काचपट्टी बनवा आणि हजारपट भिंगाखाली तीनशेच्या वर झडपा (डायटमच्या कवचाचे अर्धे भाग) मोजा.

समजा पीटचा माथा सरासरी पातळीच्या १.२० मीटर वर बनला, वाळूवरचा पहिला गाळ ०.३५ मीटरवर, आणि मधली वाळू ०.०८ मीटर. खचणं = १.२० − ०.३५ + ०.०८ = ०.९३ मीटर. वाळूची जाडी मिळवायची, कारण जमीन खचल्यावर तिनेच ती तेवढी वर उचलली. ही बेरीज सर्रास विसरली जाते. दोन्ही उंचींची चूक ±०.२० धरली तर उत्तराची चूक सुमारे ±०.२८ येते. म्हणूनच वीस-तीस सेंटीमीटरच्या खचण्यावर भूकंपाचा दावा उभा करू नये.

वय

अख्खं पीट रेडिओकार्बनला (कार्बनवरून वय काढणाऱ्या चाचणीला) देऊ नका, त्यात जुना आणि नवा कार्बन मिसळलेला असतो. पीटच्या अगदी माथ्यावरची, जागच्या जागी मेलेली पानं, खोडांचे बुडखे किंवा नाजूक बिया निवडा. वाहून आलेलं लाकूड थरापेक्षा जुनं निघतं, वरून खाली घुसलेलं मूळ नवं. प्रत्येक तुकडा भिंगाखाली पाहूनच पाठवा. इ.स. १६५० नंतरच्या वयांत रेडिओकार्बन फारसा उपयोगी नाही, एकाच मोजणीला अनेक तारखा जुळतात.

तिथे झाडं मदत करतात. वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर खारं पाणी शिरून मेलेली देवदारासारखी रेड सीडरची झाडं अजून उभी आहेत. खोडांचं बाहेरचं लाकूड झिजलेलं होतं, म्हणून चिखलाखालची सालीसकटची मुळं खणली गेली. शेवटचं वलय १६९९ चं निघालं. जपानच्या किनाऱ्यावर भूकंपाविना आलेल्या लाटांच्या नोंदी होत्याच, त्यावरून भूकंपाची वेळ ठरली: २६ जानेवारी १७००, रात्री नऊच्या सुमारास.

एक मर्यादा ध्यानात ठेवा. खाजण पुन्हा वर येण्याआधीच दुसरा भूकंप झाला तर त्याचा वेगळा थर बनत नाही. मोजलेली संख्या नेहमी किमान असते.

कोकणात हे जसंच्या तसं चालणार नाही. आपल्या किनाऱ्याखाली अशी प्लेट सरकत नाही, त्यामुळे दबलेल्या मातीचे थर शोधणं व्यर्थ. १९४५ च्या मकरान भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या, म्हणजे वाळू मिळणं शक्य आहे, पण खेकड्यांची बिळं आणि तिवरांची मुळं पातळ थर टिकू देत नाहीत. भारतात या पद्धतीची खरी जागा अंदमान. २००४ च्या भूकंपात पोर्ट ब्लेअरचा परिसर सुमारे मीटरभर खचला आणि जवळच्या सिप्पीघाटच्या शेतांत भरतीचं पाणी शिरलं. तिथे काम करायचं तर आधी वनखात्याची परवानगी, मग सगळ्यात वरचा २००४ चा थर नीट मोजायचा. सीमारेषा किती तीक्ष्ण आहे, वाळू कुठवर आहे, खेकड्यांनी इतक्या वर्षांत किती ढवळलंय, हे त्यावरून कळतं. त्या मापाने मगच खालचे थर तपासायचे.