बर्गंडीचं लेबल सातबाऱ्यासारखं वाचा: या चुका टाळा

पहिली फजिती माझीच. दहाएक वर्षांपूर्वी परदेशातून येताना विमानतळावरच्या दुकानात 'जेव्रे-शांबेर्तँ' लिहिलेली बाटली दिसली, ती उचलली. शांबेर्तँ ही नेपोलियनची लाडकी वाइन, एवढं ऐकून होतो. घरी चार मित्र जमवले आणि नेपोलियनची गोष्ट मीठमसाला लावून सांगितली. त्यातल्या एकानं बाटली फिरवून लेबल वाचलं आणि म्हणाला, "अरे, ही त्या गावची आहे. त्या शेताची नाही."

बर्गंडी हा फ्रान्समधला वाइनचा प्रदेश. त्याबद्दलचा निम्मा गोंधळ या दोन वाक्यांत मावतो. बोर्दो या फ्रान्सच्याच दुसऱ्या वाइनप्रदेशात १८५५ साली जी प्रसिद्ध प्रतवारी झाली, ती शातोंची, म्हणजे घराण्याच्या नावाची. बर्गंडीत प्रत जमिनीला मिळते. मालक बदलला, पुढची पिढी नालायक निघाली, तरी शेताचा दर्जा जिथल्या तिथे. म्हणून इथलं लेबल ब्रँड म्हणून वाचायचं नसतं, सातबारा म्हणून वाचायचं असतं: गाव कोणतं, गट कोणता, जमीन कोणत्या वर्गाची आणि कसतंय कोण. ज्यांच्या घरी वाटण्या झाल्यात त्यांना हे लवकर कळतं.

गावाच्या नावाला शेत समजणं

जेव्रे हे गाव. शांबेर्तँ हे त्या गावच्या शिवारातलं सगळ्यात नामांकित शेत. १८४७ साली गावानं शेताचं नाव स्वतःच्या नावाला जोडून घेतलं आणि गाव झालं जेव्रे-शांबेर्तँ. आसपासच्या अनेक गावांनीही पुढे तेच केलं. वोन गावानं रोमाने जोडलं, शांबोलनं म्युझिन्यी. मोंराशे हे पांढऱ्या वाइनचं शेत तर दोन गावांच्या शिवेवर पसरलेलं, म्हणून दोन्ही गावांनी त्याच्यावर हक्क सांगितला: प्युलिन्यी-मोंराशे आणि शासान्य-मोंराशे.

आता खरी मेख बघा. 'जेव्रे-शांबेर्तँ' ही गावाच्या दर्जाची वाइन. 'शार्म-शांबेर्तँ' मात्र ग्राँ क्रू, म्हणजे सर्वोच्च दर्जाची. दोन्हींच्या शेवटी शांबेर्तँच. तसंच 'शासान्य-मोंराशे' गावची आणि 'बातार-मोंराशे' ग्राँ क्रू. याला युक्ती नाही, गावांची नावं पाठच करावी लागतात. कोत दॉर, म्हणजे बर्गंडीतला सगळ्यात नावाजलेला उताराचा पट्टा, त्यात लक्षात ठेवण्यासारखी गावं वीस-पंचवीस, म्हणजे काही फार नाहीत. एक खूण मात्र उपयोगी पडते. कोत दॉरच्या ग्राँ क्रूच्या लेबलवर शेताच्या नावाला गावाचं नाव वेगळं जोडलेलं नसतं. त्या शेताला गावाची ओळख लागतच नाही.

मधल्या पायरीला, म्हणजे प्रमिए क्रूला, गावाचं नाव, 'प्रमिए क्रू' हे शब्द आणि बहुतेकदा शेताचं नाव असतं. गावाचं नाव आणि खाली बारीक अक्षरात नुसतंच शेताचं नाव असेल, तर तो प्रमिए क्रू नव्हे. गावच्याच दर्जाची, पण एकाच तुकड्यातली वाइन आहे एवढाच त्याचा अर्थ. सगळ्यात खालच्या पायरीवर नुसतं 'बूर्गोन्य'. बर्गंडीच्या एकूण उत्पादनातला निम्म्याच्या आसपास हिस्सा याच पायरीचा, आणि ग्राँ क्रूचा जेमतेम एक टक्का.

ग्राँ क्रू म्हटलं की डोळे मिटून पैसे देणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

माझे एक मामा निफाडजवळ द्राक्षं पिकवतात. वाइनला ते हात लावत नाहीत. त्यांना एकदा मोबाइलवर कोत दॉरचा फोटो दाखवला: वर झाडी, मधे उतारावर गुडघ्याएवढ्या वेलींच्या दाट ओळी, खाली रस्ता. त्यांनी आधी विचारलं, "पाणी कुठून आणतात?" म्हटलं, देत नाहीत, पावसावरच. मग त्यांनी ओळी मोजायचा प्रयत्न केला. तिथे हेक्टरी १०,००० च्या आसपास वेली असतात, म्हणजे एकरी चार हजार. आपल्याकडे मांडवाच्या बागेत एकरी हजाराच्या घरात. हे ऐकून ते थोडा वेळ गप्प बसले. मग बोट ठेवून म्हणाले, "वर नुसता मुरूम असणार, खाली भारी जमीन, पाणी धरणारी. चांगला माल या मधल्या पट्ट्यातला."

बरोबर. सिस्टर्शियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंनी शतकानुशतकं त्या उतारावर बागा राखून जे ताडलं, ते मामांनी फोटोवरून सांगितलं. चुनखडीची जमीन, पूर्वेकडे तोंड, पाण्याचा निचरा: ग्राँ क्रूची बहुतेक शेतं याच मधल्या पट्ट्यात आहेत. बर्गंडीत अशा नावाच्या तुकड्याला 'क्लिमा' म्हणतात. २०१५ साली असे १,२४७ क्लिमा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले.

पण आता क्लो द वूजोकडे या. साधूंनी दगडी कुसू घालून बंदिस्त केलेलं हे सुमारे ५० हेक्टरांचं शेत. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चच्या जमिनी सरकारजमा होऊन विकल्या गेल्या, त्यात हेही गेलं. कुसवाच्या आतलं सगळंच्या सगळं ग्राँ क्रू. वरची बाजू निचऱ्याची, उत्तम. खालची बाजू रस्त्यालगतची, चिकणमातीची, पावसाळी वर्षात पाय रुतावा अशी. साधूंना याची अडचण नव्हती, ते वरचा-खालचा माल एकत्र करू शकत होते. आज त्याच कुसवाच्या आत ऐंशीच्या आसपास मालक आहेत. कुणाच्या वाट्याला वरचा तुकडा, कुणाला खालचा, कुणाला चार ओळी. लेबलवर सगळ्यांच्या नावापुढे तेच 'ग्राँ क्रू'. किंमतही सगळ्यांची ताठ.

एवढे मालक झाले कसे, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. १८०४ च्या नेपोलियनच्या कायद्यानं सगळ्या मुलांना सारखा वाटा दिला, आणि दर पिढीला शेत चिरत गेलं. शांबेर्तँच्या शौकिनानंच शांबेर्तँचे तुकडे पाडले. त्यात आडनावांचा घोळ वेगळाच. शासान्य-मोंराशेत आणि आसपास 'मोरे' आडनावाची बरीच वाइनघराणी आहेत. हो, मोरेच, उच्चारही तोच. भावाभावांची, चुलत्यांची, वेगवेगळ्या तळघरांत बनलेली. एका मोऱ्यांची आवडली म्हणून दुसऱ्या मोऱ्यांची घेतलीत, तर तुम्ही भाऊबंदकीत सापडलात. आडनावाआधीचं नाव वाचा.

त्यामुळे माझा हिशेब असा: चांगल्या शेतकऱ्याची साधी 'बूर्गोन्य' ही कुणा अनोळखी माणसाच्या ग्राँ क्रूपेक्षा बहुतेक वेळा जास्त समाधान देते. शेताचं नाव म्हणजे शक्यता. ती हाती लागते की नाही, ते छाटणीच्या आणि खुडणीच्या माणसावर.

शेतकरी आणि व्यापारी हा फरकही लेबलवर दिसतो. 'मीझ आँ बुतेय ओ दोमेन' असेल तर पिकवणाऱ्यानं स्वतःच बाटली भरलेली. नेगोसियाँ म्हणजे द्राक्षं किंवा तयार वाइन विकत घेऊन आपल्या नावानं विकणारा. नेगोसियाँ वाईटच असं समजू नका. बर्गंडीतल्या बोन शहरातली जुनी पेढी निवडलीत तर दर्जात सातत्य मिळतं, आणि त्यातल्या अनेकांची स्वतःची शेतंही आहेत.

रंगावरून फसणं

साडीच्या दुकानात 'बर्गंडी' म्हणजे गडद, जांभळट लाल. हीच अपेक्षा घेऊन पेला भरला की माणूस नाराज होतो, कारण पिनो न्वार या इथल्या लाल वाइनच्या द्राक्षाची साल पातळ आणि वाइन फिकी, पेल्यातून पलीकडचं बोट दिसावं इतकी. नाशिकच्या शिराझवर जीभ तयार झाली असेल तर पहिल्या घोटाला ही पाणीदार वाटते. तिचा जोर रंगात किंवा दाटपणात नसतो, वासात असतो. दुसरं म्हणजे बर्गंडीतली निम्म्याहून जास्त वाइन पांढरी आहे, बहुतेक शार्दोने या द्राक्षाची. शाब्ली ही बर्गंडीच आणि शार्दोनेच. तिच्यात लाकडी पिंपाचा गोडवा सहसा नसतो, म्हणून लोकांना ओळखू येत नाही.

'पुयी-फ्विसे' आणि 'पुयी-फ्युमे' यांत गल्लत करू नका. पहिली बर्गंडीच्या दक्षिणेची, शार्दोने. दुसरी ल्वार खोऱ्यातली, सोव्हिन्यों ब्लाँ. आणि स्वस्त लाल बाटलीवर 'कोतो बूर्गिन्यों' असेल तर ती पिनोच असेल असं धरू नका. २०११ साली आलेल्या या नावाखाली शेजारच्या बोजोले प्रदेशातली गामे द्राक्षंही चालतात. याच गामेला बर्गंडीच्या ड्यूकनं १३९५ मध्ये हद्दपार केलं होतं. ती मागच्या दारानं परत आली.

एका सालावरून सगळा प्रदेश तोलणं

एप्रिल २०२१ मध्ये कोंब फुटल्यावर कडाक्याचं हिमदव पडलं आणि शार्दोनेचं फार नुकसान झालं. शाब्लीच्या बागांत रात्रभर मेणाचे डबे जळत होते. काही जण तर कोंबांवर पाण्याचे फवारे मारतात, म्हणजे बर्फाचं कवच चढून आतला कोंब वाचतो. निफाडला थंडीत द्राक्षबागेत शेकोट्या पेटवणाऱ्यांना हे ऐकून नवल वाटणार नाही. अशा सालची वाइन कमी आणि हलकी असते, पण हलकी म्हणजे वाईट नव्हे. मला स्वतःला २०१८ सारख्या तापलेल्या सालांपेक्षा अशी वाइन जेवणाबरोबर जास्त आवडते.

'रूम टेंपरेचर'वर देणं

ही खोली फ्रान्समधली, जुन्या दगडी घरातली. पुण्यात एप्रिलमध्ये खोलीचं तापमान ३० च्या वर असतं, त्यात पिनो न्वारचा नुसता अल्कोहोल नाकात जातो. लाल बाटली प्यायच्या आधी दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. १४ ते १६ अंश पुरे. पांढरी मात्र फार गार करू नका, १२ अंशांच्या आसपास ठीक. बर्फगार केली तर वासच मरतो आणि पैसे वाया. तांबडा रश्श्यापुढे तर ही वाइन आणूच नका. अळणी मटण, भाजलेली कोंबडी, लोण्यात परतलेले मशरूम यांच्याशी तिचं जमतं.

बिघाड कोणता आणि स्वभाव कोणता

पांढऱ्या वाइनच्या तळाशी साखरेसारखे खडे दिसले तर घाबरू नका. चिंचेत असतं त्याच आम्लाचे ते स्फटिक. लालच्या तळाशी गाळ असेल तर बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा आणि शेवटचा पेला ओतू नका.

ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट खोलीचा वास आला तर बूच खराब. हवा लागू दिली तरी तो जात नाही, उलट वाढतो. बूच वर सरकलेलं, आवरणाखाली चिकट ओघळ, आणि वाइनला शिजवलेल्या फळाची चव असेल, तर बाटली वाटेत किंवा गोदामात उन्हानं तापलेली आहे. आपल्या हवेत हे सर्रास होतं. म्हणून दुकानात काचेच्या कपाटात, दिव्याखाली उभी ठेवलेली महागडी बर्गंडी मी घेत नाही.

पांढरी सात-आठ वर्षांतच तांबूस होऊन सुक्या सफरचंदासारखी लागली, तर ती अकाली ऑक्सिडाइज झालेली आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यापासूनच्या सालांत हा रोग चांगल्या चांगल्या घराण्यांच्या बाटल्यांत निघाला. त्यात तुमची चूक नाही, पण पांढरी बर्गंडी वीस वर्षं दाबून ठेवायचा बेत असेल तर एक बाटली मधेच उघडून बघा.

आणि कोवळी लाल वाइन आंबट, तुरट, गप्प लागली तर लगेच दोष देऊ नका. अर्धी प्या, बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत चाखा. त्या फजितीच्या बाटलीतला उरलेला पेला मी असाच दुसऱ्या दिवशी घेतला होता. चेरी, ओली माती, किंचित लवंग. आदल्या रात्री आम्ही नेपोलियनबद्दल बोलत बसलो आणि यातलं काहीच कुणाला कळलं नव्हतं.