ब्रेकचा लाल दिवा विझवायची घाई नको: या चुका टाळा

यवतेश्वरच्या घाटात वळण आलं की मीटरमध्ये लाल दिवा चमकायचा, रस्ता सरळ झाला की विझायचा. कासहून साताऱ्याला उतरताना असं चार-पाचदा झालं. शेजारी बसलेले मामा म्हणाले, "आरं, सेन्सर गेला आसंल. नव्या गाड्यांचं आसंच आसतंय." मीही मान डोलावली. दुसऱ्या दिवशी बाटली आणून ब्रेक ऑइलची डबी काठोकाठ भरली. दिवा गेला, मी खूश. पुढचे तीन आठवडे ज्या गाडीतून पोरांना शाळेत सोडत होतो, तिच्या मागच्या डाव्या चाकात ऑइल झिरपत होतं.

दिवा विझला म्हणजे बिघाड गेला, असं मी धरून चाललो. ही पहिली चूक आणि सगळ्यात मोठीही. ब्रेकचं ऑइल बंद नळ्यांमध्ये असतं, इंजिन ऑइलसारखं ते जळून कमी होत नाही. पातळी उतरली तर एक तर पॅड (चाकाची चकती दाबून धरणाऱ्या पट्ट्या) झिजलेत, नाहीतर कुठेतरी गळती आहे. डबीत एक तरंगता खटका असतो. पातळी खालच्या रेघेजवळ आली की वळणावर ऑइल एका बाजूला सरकतं, खटका खाली बसतो आणि दिवा लागतो. वळणावर लागणारा दिवा म्हणजे सेन्सरचा वेडेपणा असेल असं समजू नका, आधी डबी बघा.

पण त्याआधी हँडब्रेक. हसू नका, दांडा एक खाच वर राहिलेला असतो आणि आपण बोनेट उघडून बसतो. दांड्याच्या बुडाशी एक छोटा स्विच असतो. आमच्या गाडीत तिथे शेंगांची टरफलं निघाली, तुमच्याकडे बिस्किटांचा चुरा निघेल. इग्निशन चालू ठेवा, दांडा पूर्ण खाली करा आणि स्विचचं कनेक्टर काढा. दिवा विझला तर दोष स्विचचा, साफ करा किंवा बदला. कनेक्टर मात्र परत लावा. काढून ठेवलं तर हँडब्रेक ओढलेला असताना गाडी हाकली तरी दिवा सांगणार नाही, आणि मागच्या चाकांतले ब्रेकचे ड्रम तापून वास सुटेल तेव्हाच कळेल. एका गॅरेजवाल्याने मला डबीचीच वायर काढून द्यायची तयारी दाखवली होती, "कटकट नको" म्हणून. तसलं काही करून घेऊ नका.

दिवा कोणता, हेही नीट बघा. एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा एकटाच असेल तर साधे ब्रेक बहुधा लागतात, फक्त एबीएसची मदत मिळत नाही. पिवळा आणि लाल दोन्ही एकदम लागले तर मागच्या-पुढच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणाच बंद पडलेली असू शकते. जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी जाम होऊन गाडी फिरू शकते. अशी गाडी घेऊन खंबाटकीचा घाट चढू नका.

आता डबी. गाडी सपाटीवर लावा, टॉर्च मारून बाहेरूनच मिन आणि मॅक्सच्या रेघा बघा. झाकण उघडायचंच असेल तर आधी कापडाने पुसा, धूळ आत गेली तर रबरं खराब होतात. पॅड झिजले की त्यांना दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन पुढे येतो, त्याच्या मागची जागा ऑइल भरतं आणि डबीतली पातळी उतरते. अशा वेळी वरून भरलं तर नवे पॅड बसवताना तेच ऑइल डबीतून उतू जातं आणि रंग खातं. म्हणून पॅड आधी तपासा. तीन मिलिमीटरच्या आसपास उरले असतील तर बदलायची वेळ झाली. सांडलंच तर लगेच भरपूर पाणी ओता. आणखी एक, क्लच ऑइलवर चालत असेल तर बऱ्याच गाड्यांत त्याचीही डबी हीच असते. चाकं कोरडी आणि क्लचखाली ओलं, असंही होतं.

आपल्याकडे सगळे 'ब्रेक ऑइल' म्हणतात आणि या नावानेच घोळ होतो. ते खनिज तेल नव्हे. कुणी घरातलं इंजिन ऑइल चमचाभर जरी घातलं तरी आतली रबरं फुगतात आणि पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरपासून सगळं बदलायची वेळ येते. झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच आणा, तेही सीलबंद. हे ऑइल हवेतली ओल ओढतं. ताजं डॉट ४ किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल शिरली की ही मर्यादा 155 पर्यंत उतरू शकते. घाट उतरताना ते उकळलं की नळीत वाफ होते आणि पेडल नुसतं खाली जातं. गेल्या पावसाळ्यात अर्धी वापरून माळ्यावर ठेवलेली बाटली म्हणूनच टाकून द्या.

गळती शोधायला रात्रभर चारही चाकांखाली पुठ्ठे ठेवा. टायरची आतली बाजू आणि पेडलच्या वरची भिंतही चाचपा. मग गाडी उभीच ठेवून इंजिन चालू करा आणि पेडल अर्धा मिनिट घट्ट दाबून धरा. सुरुवातीला जरासं खाली जाईल, ते ठीक. पण हळूहळू बसतच गेलं किंवा स्पंजासारखं लागलं, तर गाडी हलवू नका, मिस्त्रींना घरी बोलवा. चाकातला ब्रेक दाबणारा सिलिंडर बदलणं आणि नळ्यांतली हवा काढणं नवख्याने घरी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझ्या गाडीचा ड्रम उघडला तेव्हा सिलिंडरचं रबर एका कडेला चिरलेलं होतं आणि ड्रमला आतून घासणारं लायनर ऑइलने चिंब. "पेट्रोलनं पुसून बसवतो, चालतंय," मिस्त्री म्हणाले. मी नको म्हटलं. ऑइल प्यायलेलं लायनर धड पकडत नाही, आणि एकाच बाजूचं बदललं तर गाडी ओढते. दोन्ही बाजूंची नवी घातली. त्या दिवशी डबीवर मार्करने पातळीची रेघ मारून तारीख लिहिली, आता दर रविवारी गाडी धुताना तिच्याकडे नजर जाते.