पूर, वीज आणि रिअ‍ॅक्टर : मोठ्या कारखान्याने आपत्तीची तयारी कशी करावी

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील अनेक मोठ्या कारखान्यांत आपत्तीच्या तयारीच्या दोन वेगळ्या फायली आढळतात. पूर, वादळ आणि भूकंप यांची एक फाइल प्रशासन विभागाकडे असते, तर आग, वायुगळती आणि स्फोट यांची दुसरी सेफ्टी विभागाकडे. या दोन्ही फायली प्रथम एकत्र कराव्यात, कारण पावसाचे पाणी कारखान्याचे जे थेट नुकसान करते त्याहून मोठे नुकसान पाण्यामुळे बंद पडलेल्या यंत्रणा करतात. वीज गेली की कूलिंग थांबते, कूलिंग थांबले की ज्यात रसायनांची अभिक्रिया होते त्या रिअ‍ॅक्टरमधील तापमान चढू लागते आणि ‘नैसर्गिक’ म्हणून नोंदवलेली घटना काही तासांत ‘औद्योगिक’ होऊन बसते. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे चक्रीवादळाच्या पुराने अमेरिकेतील टेक्सास राज्यात, क्रॉस्बी येथील आर्केमा कंपनीच्या कारखान्यात नेमके हेच घडले. मुख्य वीजपुरवठा आणि पर्यायी जनरेटर दोन्ही निकामी झाले, थंड ठेवावी लागणारी सेंद्रिय पेरॉक्साइडे शीतगृहांतून रेफ्रिजरेटेड ट्रेलरमध्ये हलवावी लागली आणि अखेर ट्रेलरही बंद पडून त्यांनी पेट घेतला. पर्यायी व्यवस्था कागदावर पुरेशी होती. मात्र ती एकाच पुरात एकाच वेळी निकामी होऊ शकते, हे पुरेशा गांभीर्याने धरलेले नव्हते.

आपल्याकडे हा धोका भूगोलातच आहे. पूर्वेला पारसिकचा डोंगर आणि पश्चिमेला ठाण्याची खाडी, यांच्यामधील अरुंद पट्टीत ऐरोली, रबाळे, महापे, पावणे आणि तुर्भे येथील कारखाने वसले आहेत. डोंगरावरून उतरणारे पाणी नाल्यांतून खाडीकडे धावते, आणि नेमकी त्याच वेळी मोठी भरती असेल तर ते बाहेर न जाता मागे तुंबते. म्हणून पावसाचा अंदाज आणि भरतीचे वेळापत्रक नेहमी शेजारी शेजारी ठेवून वाचावे. हवामान विभागाचा ऑरेंज अलर्ट आणि साडेचार मीटरहून अधिक उंचीची भरती एकाच दिवशी येत असेल, तर तो दिवस योजनेत रेड अलर्टच्या दिवसासारखाच धरावा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला होता; कमाल पातळी ठरवताना तो आकडा गृहीत धरावा, गेल्या पाच वर्षांची सरासरी नव्हे.

काय बंद पडल्यास किती वेळ हातात आहे

तयारीतला सर्वांत मोलाचा दस्तऐवज एका पानाचा असतो. प्रत्येक धोकादायक रिअ‍ॅक्टर, टाकी आणि शीतगृह यांच्यासमोर वीज, कूलिंगचे पाणी, नायट्रोजन, हवेचा दाब आणि ढवळणी यांपैकी एकेक गोष्ट बंद झाल्यास ते किती मिनिटे किंवा तास सुरक्षित राहील, हे त्यात लिहावे. हा आकडा अंदाजाने भरू नये. प्रोसेस विभागाने अभिक्रियेच्या उष्णतेचा हिशेब करून तो द्यावा आणि प्लांट चालवणाऱ्या ऑपरेटरांनी तो तपासावा, कारण कोणता व्हॉल्व्ह हाताने फिरवायला दोन माणसे लागतात हे त्यांनाच ठाऊक असते. त्यानंतर एकेक नव्हे, तर अनेक गोष्टी एकत्र बंद झाल्या तर काय, हा रकाना भरावा. बहुतेक योजना येथेच उघड्या पडतात.

या तक्त्यावरून कामाचे टप्पे ठरवावेत. ज्या बॅचला (एका वेळच्या उत्पादनाला) पूर्ण व्हायला चौदा तास लागतात ती रेड अलर्ट असताना सुरूच करू नये, आणि आधीच सुरू असलेली बॅच कोणत्या टप्प्यापर्यंत थांबवता येते व कोणत्या टप्प्यानंतर पूर्ण करणेच अधिक सुरक्षित असते, हे शिफ्ट इन-चार्जच्या टेबलावर लिहिलेले असावे. आवारातील सर्वांत सखल भिंतीवर तीन रंगांच्या पट्ट्या रंगवाव्यात: पहिल्या पट्टीला पाणी लागताच नवे चार्जिंग (नवा कच्चा माल भरणे) बंद, दुसरीला टप्प्याटप्प्याने शटडाउन, तिसरीला वीज तोडून सुरक्षित ठिकाणी जाणे. पाणी किती चढले यावर फोनवरून वाद घालण्यापेक्षा पट्टी पाहणे केव्हाही सोपे.

मग उंचीकडे वळावे. डीजी सेट (डिझेल जनरेटर), त्याची डिझेलची टाकी, इलेक्ट्रिकल पॅनेल, फायर पंप आणि कंट्रोल रूमचा सर्व्हर यांपैकी जे तळमजल्यावर आहे ते उचलावे. ते शक्य नसेल तर त्याभोवती बांध घालून साचलेले पाणी उपसणारा स्वतंत्र सम्प पंप बसवावा, आणि तो पंप ज्या पॅनेलवर आहे ते पॅनेलही पाण्याबाहेर आहे ना, हे पाहावे. रिकामी टाकी पुरात तरंगते आणि पाइपलाइन तोडून टाकते, म्हणून अशा टाक्या पायाशी बोल्टने पक्क्या कराव्यात आणि पुराची शक्यता दिसताच त्या शक्य तितक्या भरून ठेवाव्यात. पाण्याशी संयोग होऊन पेटणारी रसायने पावसाळ्यात तळच्या रॅकवर ठेवू नयेत. डाइकचा (टाकीभोवतीच्या बांधाचा) ड्रेन व्हॉल्व्ह कुलूप लावून बंद ठेवावा आणि साचलेले पाणी तपासल्यावरच सोडावे. पावसाळ्याच्या आरंभी ‘थोडा वेळ’ म्हणून उघडलेला हा व्हॉल्व्ह दिवाळीपर्यंत उघडाच राहतो, हा आपल्याकडचा जुना रोग आहे.

वादळासाठी छताचे पत्रे, मचाण आणि क्रेनचे नांगरण यांची तपासणी मे महिन्यातच पूर्ण करावी. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ किनाऱ्याला धडकले होते, त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. भूकंपासाठी उंच रॅक, गॅस सिलिंडर आणि लटकत्या पाइपांचे आधार पक्के करावेत.

रात्री अडीच वाजता निर्णय कोणाचा

भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि कलम ४१ बी नुसार धोकादायक प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याला ऑन-साइट (आवारापुरती) आपत्कालीन योजना करणे बंधनकारक झाले. योजनेत साइट मेन कंट्रोलर (आपत्तीत संपूर्ण कारखान्याचा प्रमुख) आणि इन्सिडेंट कंट्रोलर (घटनास्थळावरचा प्रमुख) यांची नावे असतात. परंतु साइट मेन कंट्रोलर घोडबंदर रोडला राहत असेल आणि रस्ते पाण्याखाली असतील, तर त्याचे नाव असून उपयोग नाही. तिसऱ्या पाळीच्या शिफ्ट इन-चार्जला वरिष्ठांच्या परवानगीशिवाय प्लांट बंद करण्याचा लेखी अधिकार द्यावा, आणि शटडाउन नंतर अनावश्यक ठरला तरी त्याच्यावर ठपका येणार नाही, असे त्याच पत्रात कंपनीप्रमुखाच्या सहीने नमूद करावे. हे वाक्य लिहायला व्यवस्थापन कचरते. तरीही ते लिहून घ्यावे.

पाळी लवकर सोडायची की कामगारांना आत ठेवायचे, हा निर्णयही आधीच निकषांनी बांधावा. लोकल रेल्वेचे ट्रान्स-हार्बर आणि हार्बर मार्ग सुरू आहेत का, कंपनीच्या बस कोणत्या सखल भागातून जातात आणि भरती किती वाजता आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे अनुकूल असतील तरच लोकांना सोडावे. अन्यथा त्यांना वरच्या मजल्यावर थांबवावे आणि त्यांच्यासाठी दोन दिवसांचे खाणे, पिण्याचे पाणी, अंथरूण, महिलांसाठी स्वतंत्र खोली आणि मधुमेह व रक्तदाबाची औषधे तयार ठेवावीत.

असेंब्ली पॉइंट (धोक्याच्या वेळी जमण्याच्या जागा) दोन असावेत आणि ते परस्परविरुद्ध दिशांना असावेत, कारण पावसाळ्यात वारा मुख्यतः नैर्ऋत्येकडून येतो, तर हिवाळ्यात सकाळ-संध्याकाळ त्याची दिशा बदलते. वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक आवारातील कोणत्याही ठिकाणाहून दिसला पाहिजे. हजेरी घेताना कंत्राटी कामगार, ट्रकचालक, क्लीनर आणि पाहुणे यांची नोंद गेटवरील रजिस्टरमधून निघाली पाहिजे. कायम कामगारांची हजेरी पंचिंग मशीनमधून सहज मिळते, मोजणीतून सुटतात ते हे कंत्राटी आणि बाहेरचे लोक. भोंग्याचे संकेत दोनच ठेवावेत, एक धोक्याचा आणि एक धोका टळल्याचा. पाच प्रकारचे संकेत कोणाच्याही लक्षात राहत नाहीत.

भिंतीपलीकडे

आपल्या कारखान्यात कोणतेही धोकादायक रसायन नसले तरी शेजाऱ्याकडे असते. मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये डोंबिवली एमआयडीसीत झालेल्या स्फोटांनी आसपासच्या इमारतींच्या काचा फोडल्या आणि शेजारच्या कारखान्यांचेही नुकसान केले. म्हणून योजनेत ‘शेजारच्या प्लॉटवरील अपघात’ असे स्वतंत्र प्रकरण असावे: खिडक्या-दारे आणि एसी बंद करून आत कोठे थांबायचे, फ्रेश एअरचा पंखा कोणी बंद करायचा, गॅसचा वास आल्यास कोणाला कळवायचे. शेजारच्या कारखान्यांबरोबरच्या परस्पर मदत गटाच्या बैठकांना सेफ्टी ऑफिसरबरोबर मेंटेनन्सचा माणूसही पाठवावा. फोम, श्वसन उपकरणे आणि होजचे कपलिंग दोन्ही कारखान्यांत जुळते का, हे त्यालाच पाहता येते. अग्निशमन दलासाठी साठ्याची यादी आणि आवाराचा नकाशा मुख्य गेटवर हवाबंद पेटीत ठेवावा. लगतच्या वस्तीला भोंग्याचा अर्थ मराठी आणि हिंदीत सांगून ठेवावा; सुरक्षा उपायांची माहिती परिसरातील लोकांना देणे कायद्यानेही अपेक्षित आहे.

मॉक ड्रिल १९८९ च्या घातक रसायनविषयक नियमांनुसार दर सहा महिन्यांनी करावी लागते. त्यांपैकी एक पावसाळ्यात, तिसऱ्या पाळीत आणि पूर्वसूचना न देता घ्यावी, आणि ती सुरू असताना मुख्य वीजपुरवठा खरोखर तोडून डीजी सेट भार घेतो का, ते पाहावे.

पुरवठादारांचा प्रश्न थोडक्यात. फेब्रुवारी १९९७ मध्ये जपानच्या आयसिन कंपनीच्या एका कारखान्याला आग लागली आणि ब्रेकच्या एका लहान व्हॉल्व्हअभावी टोयोटाचे जपानमधील कारखाने काही दिवस थांबले. एकाच ठिकाणाहून येणाऱ्या प्रत्येक भागाची यादी खरेदी विभागाने वर्षातून एकदा तरी तपासावी.

पुन्हा सुरू करताना

बंद कारखाना सुरक्षित असतो, हा समज धोकादायक आहे. ७ मे २०२० रोजी विशाखापट्टणम येथील एलजी पॉलिमर्सच्या टाळेबंदीत बंद असलेल्या कारखान्यातून प्लास्टिकसाठी लागणाऱ्या स्टायरीन या रसायनाची वाफ बाहेर पडली. साठवणीच्या टाकीतील तापमान वाढत गेले होते, आणि आपत्कालीन भोंगा वाजवलाच गेला नव्हता. त्यामुळे बंद काळातही साठ्याचे तापमान आणि इनहिबिटरचे (नको असलेली अभिक्रिया रोखणाऱ्या रसायनाचे) प्रमाण नोंदवत राहावे. पूर ओसरल्यावर भिजलेली प्रत्येक मोटर आणि केबल मेगरने (विद्युतरोध मोजणाऱ्या उपकरणाने) तपासल्याशिवाय वीज देऊ नये, इंटरलॉक (धोका दिसताच यंत्रणा आपोआप थांबवणारी व्यवस्था) आणि गॅस डिटेक्टर नव्याने तपासावेत, इन्सुलेशनखाली पाणी राहिले आहे का ते पाहावे, आणि उत्पादन, मेंटेनन्स व सेफ्टी या तिघांच्या सह्या झाल्यावरच पहिली बॅच घ्यावी. ग्राहकाची तगादा लावणारी ई-मेल या काळात शिफ्ट इन-चार्जपर्यंत पोहोचू देऊ नये. ती विक्री विभागाने आपल्याकडेच थांबवावी.