काकवीच्या बाटलीला आपोआप मिटणारे तोंड कसे बसवावे

निपाणी-चिकोडी भागातील गुऱ्हाळांवर काकवी बहुधा रुंद तोंडाच्या बरणीत भरली जाते. वाढताना तिची धार तुटत नाही, झाकणाच्या आट्यांत चिकटा बसतो आणि मग मुंग्या लागतात. झाकणावर उलटी उभी राहणारी, दाबली की ओतणारी आणि सोडली की मिटणारी बाटली हा त्यावरचा चांगला उपाय आहे. मात्र तिची आखणी करताना आधी काकवी पाहावी, मग तिच्या तोंडात बसणारी झडप.

ही झडप म्हणजे बाटलीच्या आतल्या बाजूस खोलगट असलेली सिलिकॉन रबराची पातळ चकती असून तिच्या मध्यावर अधिक चिन्हासारखी चीर दिलेली असते. बाटली दाबताच चकती बाहेरच्या बाजूस उलटते व चिरेच्या चार पाकळ्या उघडतात. हात सैल केला की बाटलीची भिंत मूळ आकारात येताना आतला दाब घटतो, तोंडावरचा थेंब आत ओढला जातो, पाकळ्यांतून थोडी हवा शिरते आणि चीर मिटते. म्हणजे मिटण्याचे निम्मे काम भिंतच करते, म्हणून चेपल्यावर वळ्या पडणारी पातळ पेट (पाण्याच्या बाटल्यांचे प्लास्टिक) बाटली टाळून एलडीपीईची (मऊ पॉलिथीनची) लवचीक बाटली घ्यावी.

काकवी पाण्याच्या सुमारे १.४ पट जड असते. उलट्या बाटलीत तिची उंची १५ सेंटिमीटर असेल, तर झडपेवर साधारण २ किलोपास्कल भार येतो. झडप याहून अधिक दाबालाच उघडली पाहिजे, पण म्हाताऱ्या माणसाच्या हातालाही ती उघडता आली पाहिजे. झडपेचा साचा स्वतः करवून घेण्याच्या फंदात पडू नये. वेगवेगळ्या लांबीच्या चिरांच्या तयार झडपा आणून पाहाव्यात, आणि वेगळे झाकण हवेच असेल तर तेवढ्यापुरते बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या साचेवाल्यांकडे जावे.

काहिलीतून उतरताना काकवी सुमारे १०५ अंश सेल्सिअस तापलेली असते आणि एलडीपीईही जवळपास त्याच तापमानाला वितळू लागते, त्यामुळे ती निवल्यावर व बारीक गाळूनच भरावी. साखरेचा एखादा कण चिरेत अडकला तरी तोंड मिटत नाही. कणी धरू नये म्हणून किलोमागे ०.४ ग्रॅम सायट्रिक आम्ल घालण्याची रीत आहे.

वाहतुकीत झडपेवर विसंबू नये. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच असल्याने चोर्ला घाट उतरून पणजीला जाणाऱ्या बाटलीवर बाहेरचा दाब सुमारे ८ किलोपास्कलने वाढतो व भिंती आत दबतात. उलट, उन्हात उभ्या टेम्पोत आतली हवा फुगून काकवी चिरेतून पाझरते. यासाठी बाटलीच्या तोंडावर फॉइलचे सील लावावे. ग्राहकाने ते काढल्यानंतरही झडपेला आधार राहावा म्हणून वरच्या झाकणाच्या आतला उंचवटा मिटलेल्या झडपेला अलगद टेकेल असा ठेवावा.

शेवटी भरलेली बाटली झाकण उघडून, कोऱ्या कागदावर रात्रभर उलटी टांगून डाग पडतो का ते पाहावे. ही परीक्षा काकवी पातळ होते त्या मे महिन्यातल्या उकाड्यात घ्यावी, आणि दाबून पाहण्याची परीक्षा ती घट्ट होते त्या डिसेंबरच्या सकाळी. दोन्हींत उतरणारी चीर सापडली नाही, तर चीर वाढवण्याआधी बाटलीची भिंत थोडी पातळ करून पाहावी.