इंजिन बांधलं, पण क्रँक जड फिरतोय?

जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन नव्याने बांधल्यावर क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा) जड फिरत असेल, तर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून चालू करू नका. 'चालवलं की मोकळं होईल' या भरवशावर नवी बेअरिंगं अर्ध्या तासात घासून जातात.

आधी नोझल (डिझेल फवारणारे भाग) काढा, म्हणजे कॉम्प्रेशनचा, दाबल्या जाणाऱ्या हवेचा, जोर जातो. मग क्रँकपुलीच्या बोल्टला पाना लावून दोन पूर्ण फेरे द्या. सगळीकडे सारखंच जड लागत असेल, तर पिस्टनच्या नव्या रिंगा आणि क्रँकच्या मागच्या टोकाचं, तेल अडवणारं दोरीचं सील यांचाही त्यात वाटा असतो; तेवढं चालतं. एकाच जागी अडकत असेल, तर चेंबर (इंजिनखालची तेलाची टाकी) खोला.

मेन बेअरिंगच्या कॅपा (क्रँकला जागेवर धरणारी झाकणं) एकेक करून ढिल्या करा, प्रत्येक वेळी क्रँक फिरवा. जी ढिली करताच क्रँक सुटतो, दोष तिथेच. बहुतेकदा कॅप उलटी किंवा दुसऱ्याच नंबरची बसलेली असते. नाहीतर शेलच्या (बेअरिंगच्या अर्धगोल पातळ वाट्यांच्या) पाठीमागे कचरा असतो, किंवा क्रँक 10 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) घासलेला आणि शेल 20 थाऊचे, म्हणजे जास्त जाड, आणलेले. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, शेलच्या पाठीवरचा आकडा वाचा.

मेन मोकळे निघाले, तर हाच क्रम कनेक्टिंग रॉडला (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा). थ्रस्ट वॉशर (क्रँकची पुढेमागे हालचाल आवरणाऱ्या चकत्या) मात्र हमखास विसरतात: क्रँक पुढेमागे जराही हलत नसेल, तर वॉशर जाड आहेत. रिंग लायनरमध्ये (पिस्टन ज्यात सरकतो ती नळी) सरळ बसवून तिच्या तोंडाची, म्हणजे दोन टोकांमधली, फटही फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) मोजा. 91 मिमी बोअरला (लायनरचा आतला व्यास) साधारण 0.3 ते 0.4 मिमी फट हवी. तोंडं भिडली तर तापल्यावर रिंग लायनर ओरबाडते.