प्रोजेक्टमधल्या परक्या लायब्रऱ्या: प्लॅनिंगपासून सिक्युरिटीपर्यंत

प्लॅनिंगच्या मीटिंगमध्ये प्रत्येक फीचरला तारीख मिळते, लायब्रऱ्या, म्हणजे इतरांनी लिहिलेला आणि आपण वापरतो तो तयार कोड, अपडेट करायला मात्र कुणी वेळ धरत नाही. मग ते काम साचतं आणि ऐन रिलीजच्या आठवड्यात अंगावर येतं. दोन आठवड्यांच्या प्रत्येक स्प्रिंटमध्ये (कामाच्या टप्प्यात) त्यासाठी अर्धा दिवस आणि एका माणसाचं नाव सुरुवातीलाच ठरवून टाका. नुसतं 'टीम बघेल' म्हटलं की ते राहूनच जातं.

जावास्क्रिप्टचा प्रोजेक्ट असेल तर आधी लॉकफाइल बघा. पॅकेज डॉट जेसनमध्ये, म्हणजे लागणाऱ्या लायब्रऱ्यांच्या यादीच्या फाइलमध्ये, ^1.4.2 लिहिलं असेल तर 1.4.2 पासून 2.0.0 च्या आतली कुठलीही आवृत्ती चालते, ~1.4.2 असेल तर 1.5.0 च्या आतलीच. म्हणजे काल चाललेला बिल्ड (कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर बनवणं) आज वेगळाच कोड उचलू शकतो. लॉकफाइलमध्ये नेमकी आवृत्ती आणि तिचा हॅश (ती बदलली नाही हे तपासायची ठशासारखी खूण) असतो, म्हणून ती गिटमध्ये कमिट झालीच पाहिजे. एनपीएम हे लायब्रऱ्या आणणारं साधन; बिल्ड सर्व्हरवर त्याची 'एनपीएम इन्स्टॉल' नको, 'एनपीएम सीआय' ही कमांड चालवा. पॅकेज डॉट जेसन आणि लॉकफाइल जुळत नसतील तर ती कमांड तिथेच बिल्ड थांबवते. बिल्ड फुटला की वैतागून लॉकफाइल उडवायची आणि नवी बनवायची, ही सवय फार महागात पडते: एका फटक्यात ढीगभर आवृत्त्या बदलतात आणि नेमकं कशामुळे बिघडलं ते सापडत नाही.

अपडेटचे पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंत्या) उघडायचं काम डिपेंडाबॉट किंवा रेनोव्हेट या बॉटवर सोपवा. छोटे बदल आठवड्यातून एकदा एकत्र घ्या, मेजर आवृत्ती (पहिला आकडा बदलणारी) मात्र एका वेळी एकच, वेगळ्या ब्रँचवर. सिक्युरिटीचा पॅच नसेल तर नवी आवृत्ती काही दिवस मुरू द्या. 2024 मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत बॅकडोअर, म्हणजे लपवलेली चोरवाट, निघालं. लिनक्सच्या मुख्य स्टेबल वितरणांत त्या तोवर पोचल्याच नव्हत्या, म्हणून ती वाचली.

डिसेंबर 2021 मध्ये लॉग4जे या लॉग लिहिणाऱ्या जावा लायब्ररीतली सुरक्षेची भेग उघड झाली, तेव्हा बऱ्याच टीमचा पहिला वेळ ती लायब्ररी आपल्याकडे आहे कुठे, हे शोधण्यातच गेला. ती त्यांनी स्वतः घेतलीच नव्हती; दुसऱ्या एखाद्या लायब्ररीच्या पाठीवरून आली होती. त्यात 2.15.0 चा पॅच अपुरा ठरला, मागोमाग 2.16.0 आणि 2.17.0 आल्या, म्हणजे तोच शोध पुन्हा. यासाठी प्रत्येक रिलीजसोबत एसबीओएम, म्हणजे आतल्या सगळ्या घटकांची यादी, सायक्लोनडीएक्स किंवा एसपीडीएक्स स्वरूपात बनवून साठवा. मेव्हन या जावाच्या बिल्ड साधनावर 'डिपेंडन्सी ट्री' काढली की कोण कुणाला ओढून आणतंय ते दिसतं.

लायब्रऱ्यांतले दोष शोधणाऱ्या स्कॅनरने दोनशे इशारे दिले तर घाबरून सगळ्यांवर तुटून पडू नका. गंभीर दोष आणि इंटरनेटला उघडी सर्व्हिस, अशी जोडी आधी. तिला 48 तासांची मुदत लावा. इक्विफॅक्स या अमेरिकी क्रेडिट कंपनीच्या डेटाचोरीच्या प्रकरणात स्ट्रट्स या जावा फ्रेमवर्कचा पॅच मार्च 2017 मध्येच आला होता, घुसखोरी मे महिन्यात सुरू झाली.

भारतात सेवा चालवत असाल तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे 2022 चे निर्देश प्लॅनिंगमध्येच धरा: यादीतली सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायची, लॉग 180 दिवस ठेवायचे. लॉगची जागा आणि तिचा खर्च सुरुवातीच्या अंदाजपत्रकात घाला, आणि रिपोर्ट कोण पाठवणार ते नाव रनबुकच्या (अडचणीच्या वेळी काय करायचं त्या पुस्तिकेच्या) पहिल्या पानावर लिहा, रजेवरच्या बदलीसकट.