रामेश्वरला कलामांचं घर बघताना

डॉ. अब्दुल कलाम यांच्या नावाची रामेश्वरात दोन ठिकाणं आहेत आणि रिक्षावाल्याला नुसतं ‘कलाम म्युझियम’ सांगितलं तर नको त्या जागी उतरायची वेळ येते. राहतं घर मशीद स्ट्रीटवर, रामनाथस्वामी मंदिरापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर. गल्ली अरुंद, तेव्हा मोठी गाडी आत घालू नका. तिथं माडीवर छायाचित्रं, पुस्तकं, पुरस्कार मांडलेत. जागा बेताची, गर्दी असली की सगळं ढकलत-ढकलत बघावं लागतं. मंदिरातल्या बावीस तीर्थांची (पवित्र विहिरी-कुंडांची) स्नानं उरकून ओल्या कपड्यांनी तसंच तिकडे वळू नका, आधी खोलीवर जाऊन या.

दुसरं ठिकाण पेइकरुंबूचं राष्ट्रीय स्मारक. डीआरडीओनं, म्हणजे सरकारच्या संरक्षण संशोधन संस्थेनं बांधलेलं, २०१७ मध्ये खुलं झालेलं. कलामांची कबर इथेच आहे. ते पांबनकडून गावात येणाऱ्या रस्त्यावरच लागतं. म्हणून गाडीनं येत असाल तर येता-जाता उरकावं, मुद्दाम वेगळी रिक्षा कशाला? मुलं बरोबर असतील तर क्षेपणास्त्रांच्या प्रतिकृतींपाशी वेळ जातोच. मला स्वतःला घरच जास्त आवडलं. फोटो काढण्याआधी दोन्हीकडे विचारा.